तीनशे वर्षांचा कागद



साहित्याच्या व्यासपीठावर किरणोत्सारी कचऱ्याचे काय काम, असे तुमच्या मनात आले असेल. विषय विज्ञानाचा आणि कायद्याचा आहे हे खरे. पण त्याच्या मुळाशी कागद आणि लिपी आहेत. म्हणून तो इथे मांडतो.

सुरतेपासून सुमारे ८० किलोमीटरवर, तापीच्या वरच्या अंगाला, व्याऱ्याजवळ काकरापारचे अणुवीज केंद्र आहे. २००७ मध्ये तापी जिल्हा वेगळा निघेपर्यंत तो भाग सुरत जिल्ह्यातच होता. तिथल्या २२० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या १९९३ आणि १९९५ मध्ये, तर ७०० मेगावॉटच्या दोन २०२३ आणि २०२४ मध्ये रीतसर चालू झाल्या. वीज आपण वापरून टाकतो. कचरा मागे उरतो. कामगारांचे हातमोजे, पुसायची फडकी, हवेच्या गाळण्या, पाणी शुद्ध करणारे रेझिन, असे त्याचे रूप साधेच असते. ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या अणुभट्टीत जड पाण्याची गळती झाली. पुढे दोन्ही जुन्या अणुभट्ट्यांतील प्रत्येकी ३०६ नळ्या बदलाव्या लागल्या. काढलेल्या नळ्या हाही कचराच, आणि तो फडक्यांपेक्षा कितीतरी जहाल.

जळून झालेले इंधन आधी काही वर्षे पाण्याच्या टाकीत निववतात आणि मग पुनर्प्रक्रियेसाठी नेतात. त्यातून उरणारा सर्वांत तीव्र भाग काचेत वितळवून पोलादी डब्यांत भरतात. असे डबे ठेवण्याची हवेने थंड राहणारी कोठारे तारापूरला आहेत. कमी तीव्रतेचा कचरा मात्र अणुकेंद्राच्याच आवारात, सिमेंटमध्ये बांधून, काँक्रीटच्या चरांत आणि खोल नळकांड्यांत ठेवतात. भोवती विहिरी खणलेल्या असतात. त्यांतले पाणी तपासले की काही झिरपते आहे का ते कळते.

हे किती काळ करायचे? या कचऱ्यातले सिझियम-१३७ सुमारे ३० वर्षांत निम्मे होते. रुपयाचे आठ आणे, आठाचे चार, चाराचे दोन, असे दहा वेळा झाले की हजारावा हिस्सा उरतो. म्हणजे ३०० वर्षे. तेवढा काळ त्या जमिनीवर कोणीतरी पहारा ठेवायचा, असा हा हिशेब आहे.

तीनशे वर्षे म्हणजे किती, हे तुम्हा-आम्हांला कोणी वेगळे सांगायला नको. व्याऱ्याच्या पुढचा सोनगड पिलाजीराव गायकवाडांनी घेतला तो १७१९ च्या सुमारास. त्यानंतर त्या मुलखाने गायकवाडी पाहिली, मुंबई राज्य पाहिले, १९६० मध्ये गुजरात पाहिला. पिलाजीरावांनी तिथे काही पुरून त्याची यादी करून ठेवली असती, तर ती मोडीत असती. आपल्या जुन्या घरांतल्या पेटाऱ्यांत मोडी दप्तरे असतील. पण आज घरात ती वाचणारे कोण आहे? कागद टिकला तरी वाचणारा टिकतोच असे नाही.

आपल्याकडे १९८७ चे किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम आहेत. त्यांनुसार परवान्याशिवाय असा कचरा कोणालाही टाकता येत नाही, आणि टाकलेल्याची नोंद ठेवावीच लागते. नोंद हरवली की काय होते, ते २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत दिसले. दिल्ली विद्यापीठातले कित्येक वर्षे न वापरलेले एक उपकरण लिलावात भंगारवाल्याकडे गेले. त्यात कोबाल्ट-६० होते. अनेकांना इजा झाली, एका कामगाराचा जीव गेला. तिथे ३०० वर्षे लागली नाहीत; आत काय आहे याचा विसर पडायला अर्धे शतकही पुरेसे झाले.

मग नोंदींवर नजर कोणाची? अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झाले. पण ते त्याच अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, ज्याच्या छत्राखाली ही केंद्रे चालतात. महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात मंडळाच्या या दुबळ्या स्थानावर बोट ठेवले, आणि अणुकेंद्रे पुढे कायमची बंद कशी करायची याच्या योजना तयार नसल्याचेही नोंदवले. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केलेल्या 'शांती' कायद्याने मंडळाला कायद्याचा आधार दिला. त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांनाही अणुविजेची वाट मोकळी केली. कंपनी विकली जाते, बुडते, नाव बदलते. तिच्या आवारातला चर मात्र जिथे आहे तिथेच राहतो. म्हणून तीनशे वर्षांची जबाबदारी शेवटी कोणाची, हे आजच कागदावर स्पष्ट हवे.

मी अणुविजेच्या विरोधात बोलत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ही राखण केवळ तज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही. मंडळ दरवर्षी अहवाल छापते. कोणत्या केंद्रातून किती किरणोत्सार बाहेर गेला आणि तो मर्यादेच्या किती आत होता, हे त्यात असते. आपल्या संस्थेने तो दरवर्षी मागवून ग्रंथालयात ठेवावा. काकरापारच्या चरांत काय आहे, त्याची यादी किती ठिकाणी आहे, ती गुजरातीत आणि आदिवासी गावांना कळेल अशा बोलीत आहे का, हे पत्र लिहून विचारावे. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारावे.

आपण इथे पिढ्यान्पिढ्या राहिलो, तापीचे पाणी प्यालो. वाडवडिलांचे कागद आपण जपले, वाचायला मात्र विसरलो. पुढच्यांसाठी जो कागद ठेवायचा, तो त्यांना वाचता येईल असा ठेवू या.