आधी फोन लावा, मग विचारा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)

जन्मभर बँकेत नोकरी केली, म्हणून कमिटीने मला ऑनलाइन फसवणुकीवर बोलायला सांगितलं. पाचच मिनिटं घेतो.

आपल्याच सोसायटीतल्या एका वहिनींची हकीकत, त्यांच्या परवानगीने सांगतो. मोबाईलवर जाहिरात आली: ८,००० ची पैठणी ९०० रुपयांत, ऑफर आजच संपणार! दुकानाचा पत्ता नाही, पैसे आधीच भरायचे. शंका त्यांनाही आली होती, पण भाव बघून ती मागे पडली. साडी आलीच नाही. वर ‘रिफंड देतो, कोड स्कॅन करून पिन टाका’ असा फोन आला आणि आणखी १९,००० गेले.

यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. एवढं तरी घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

मला जास्त वाईट वाटलं ते पुढचं. ‘लोक हसतील’ म्हणून वहिनी चार दिवस गप्प राहिल्या. तोवर पैसे कुठल्या कुठे गेले. १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली, तर रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता असते. उशीर झाला की ती कमी होत जाते.

२५ वर्षं आपण एकमेकांच्या घरच्या किल्ल्या सांभाळल्या. मग हे सांगायला संकोच कसला? रात्री-अपरात्री बेल वाजवा. आणि दार उघडणाऱ्याने ‘असं कसं केलंत?’ म्हणू नये. आधी १९३० लावून द्यावा.