नंबर दोनची आठवण
(अंबरनाथ येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान, थोडे संक्षिप्त करून)



पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘माजी सैनिकांच्या मशिनगनच्या आठवणी’. विषय मोठा आहे आणि मला त्यातलं एकच सांगायचं आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटच्या लोकलची काळजी असलेल्यांनी निदान तेवढं तरी घरी न्यावं. (हशा) मशिनगन एकटा माणूस चालवत नाही. तिच्यामागे नंबर एक असतो, तो घोडा दाबतो. नंबर दोन असतो, तो तिला खाऊ घालतो. आपण आजवर जे काही लिहिलं, छापलं, पुतळे उभारले, ते नंबर एकचे किंवा साहेबांचे. आठवण मात्र नंबर दोनकडे आहे. हे मी गेली अनेक वर्षं सांगत आलोय आणि आजही तेच सांगणार आहे.

यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्या कथा तुम्हाला ठाऊक आहेत, शाळेत ऐकल्या आहेत. घाडगे माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले, तरी ते एकटे शत्रूच्या मशिनगनवर धावून गेले. जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी मशिनगनच्या ठाण्यांवर चालून गेले. दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. पण बघा, या दोन्ही कथांत मशिनगन समोरच्याची आहे. आपला माणूस गनच्या मागे बसलेला असतो, तेव्हाची कथा कुठे आहे?

ती महार रेजिमेंटमध्ये आहे. १११ महार, १९१७ची उभारणी, पुढे झालेलं विसर्जन, बाबासाहेबांनी धरलेला आग्रह, हा इतिहास या सभागृहात मी नव्याने सांगायला नको. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात पहिली पलटण उभी राहिली, तिथून पुढे येतो. १९४६ साली या रेजिमेंटचं रूपांतर मशिनगन रेजिमेंटमध्ये झालं. महाराष्ट्रातल्या गावागावातून गेलेली ही पोरं व्हिकर्स गनवर बसली. टोपीवरच्या बिल्ल्यावर एकमेकींना छेद देणाऱ्या दोन व्हिकर्स गन आल्या. फाळणीच्या वेळी पंजाबात, १९४७-४८ला काश्मिरात, १९६२ला लडाखमध्ये या तुकड्या इतर पलटणींना वाटून दिलेल्या असत. मशिनगनवाल्याचं दुर्दैव तेच. लढाई ज्या पलटणीच्या नावावर लागते, तिच्यात तो पाहुणा असतो. साठच्या दशकात रेजिमेंट पुन्हा पायदळ झाली. के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटमधून आले. साहेबांच्या आठवणी छापून आल्या आहेत. मी बोलतोय तो पट्टा भरणाऱ्यांबद्दल.

तरुण मंडळींनी व्हिकर्स पाहिलेली नसेल, म्हणून दोन मिनिटं. तिची तिवई साधारण बावीस-तेवीस किलोची. गन पाण्यासकट अठरा किलोची. पाण्यासकट म्हणतोय, कारण नळीभोवती पत्र्याचं जाड नळकांडं असतं आणि त्यात चार लिटर पाणी भरतात. मिनिटाला पाचशेच्या आसपास गोळ्या जातात. गोळ्या कापडी पट्ट्यात, एका पट्ट्यात अडीचशे. म्हणजे घोडा दाबून धरला तर अर्ध्या मिनिटात पट्टा संपला. पाणी उकळतं, वाफ रबरी नळीतून एका डब्यात जाते आणि तिथे तिचं परत पाणी होतं. वाफ उघड्यावर सोडली तर शत्रूला ठिकाण कळतं आणि पाणीही वाया जातं. थंडीत तेच पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लिसरीन मिसळावं लागतं. आता हे सगळं कोण बघतं? नंबर एकचे दोन्ही अंगठे घोड्यावर आणि डोळा नेमावर. उरलेलं सगळं नंबर दोन आणि त्याच्या मदतीला असलेल्या नंबर तीनच्या गळ्यात.

पुढच्या रांगांत ऑर्डनन्सची मंडळी दिसताहेत. (टाळ्या) तुम्हाला एक सांगायचंय. इथल्या कारखान्यात सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त असं पितळ ओतायचं, लाटायचं, त्याचे कप काढायचे आणि पुढे काडतुसांसाठी पाठवायचे, हे काम तुम्ही केलंत. वरणगावला, खडकीला त्याचं काडतूस होतं. तुमच्यापैकी किती जणांनी ते काडतूस पट्ट्यात भरणाऱ्याला कधी पाहिलंय? तुमच्या पितळाला शेवटचं बोट लागतं ते नंबर दोनचं. २०२१ला कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, पाट्या बदलल्या. मी बोलतोय त्या साखळीला पाटीशी देणंघेणं नाही.

बदलापूरला एक निवृत्त हवालदार राहतात. नाव सांगणार नाही, त्यांनीच तशी अट घातली आहे. त्यांच्याकडे गेलात तर ते तुम्हाला उजव्या हाताला बसवतात. मला आधी वाटलं, काही रीत असेल. रीत नव्हे. व्हिकर्सचा पट्टा उजवीकडून आत जातो, म्हणजे नंबर दोन गनच्या उजवीकडे आडवा, त्याचा डावा कान सतत गनकडे. हवालदार नंबर दोन होते, त्यांचा तो कान गेलेला आहे. कानात कापूस घालायचे, कापसाने काय होणार!

पासष्टच्या सप्टेंबरात ते पश्चिम सीमेवर होते. मी विचारलं, गोळीबार कसा होता? ते म्हणाले, पट्टे ओले होते. मी पुन्हा गोळीबाराचं विचारलं. ते पुन्हा पट्ट्यांवर आले. संध्याकाळी सर येऊन गेली होती आणि कापडी पट्टा ओला झाला की त्याचे कप्पे गोळीला धरून बसतात. एक काडतूस जरी रांगेच्या बाहेर आलं तरी गनमध्ये रोक येते. म्हणून अंधारात, दिवा न लावता, त्यांनी आणि नंबर तीनने पेट्या उघडून एकेक पट्टा मांडीवर घेतला आणि अंगठ्याने एकेक काडतूस चाचपलं. बूड पुढे आलंय का, टोक मागे राहिलंय का. माझ्यासमोर त्यांनी हे करून दाखवलं, धोतराच्या काठावर. अंगठा पुढे सरकायचा, थांबायचा, जरासा दाबायचा, पुन्हा सरकायचा. त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या आणि दारात थांबून बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी हे पाहिलंच नव्हतं.

पहाटे हुकूम आला. समोर त्यांना काहीच दिसत नव्हतं, हे लक्षात घ्या. मीडियम मशिनगन पुष्कळदा नकाशावर चालते. अंतर, दिशा, चढण यांचे आकडे सांगितले जातात आणि गोळ्या आपल्याच जवानांच्या डोक्यावरून पलीकडे जातात. पट्ट्याच्या टोकाची पितळी पट्टी आत सारली आणि सुरू. मग पाणी कमी पडलं. डब्यातलं परत ओतलं, तेही पुरेना. तिघांनी आपापल्या पाण्याच्या बाटल्या गनमध्ये रिकाम्या केल्या. त्यांचे शब्द असे, “गन प्याली, आम्ही नाही.”

इथे थांबणार होतो, पण पुढचं सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही. थोड्या वेळाने नंबर एकच्या खांद्याला लागलं. त्याला मागे नेलं. हवालदार त्याच्या जागी सरकले, नंबर तीन पट्ट्यावर आला. मी विचारलं, मग? ते म्हणाले, “मग काही आठवत नाही.” किती वेळ? माहीत नाही. किती पट्टे? माहीत नाही. त्या सकाळचा पहिला भाग त्यांना पट्ट्याच्या वासासकट आठवतो. गरम तेल, ओलं कापड, कोण कुठे पडून होता, कोणाच्या पायात एकच बूट होता. घोड्यावर अंगठे ठेवल्यापासून पुढचं सगळं गेलं. नेमाच्या फटीतून जेवढं दिसलं असेल तेवढंच, आणि तेही राहिलं नाही.

त्यानंतर या भागातल्या ज्या ज्या माजी सैनिकांशी बोललो, व्हिकर्सवाले, ब्रेन या हलक्या मशिनगनवाले, पुढच्या काळातले एम.एम.जी.वाले, त्यांना पहिला प्रश्न हाच विचारला, “तुमचा नंबर कितवा?” एकाने ब्रेनच्या मॅगझिनमध्ये तीसच्या जागी अठ्ठावीसच गोळ्या भरायची शिस्त सांगितली, स्प्रिंग दमू नये म्हणून. दुसऱ्याने चांदमारीनंतर गवतात गुडघ्यावर बसून वेचलेले गोळ्यांचे रिकामे खोके सांगितले. एक जरी कमी भरला तरी सगळी पलटण पुन्हा मैदानात. तोही नंबर दोनच होता.

(श्रोत्यांतून चिठ्ठी आली.) वाचून दाखवतो. “मशिनगन हे माणसं मारण्याचं यंत्र आहे. त्याचं एवढं कौतुक कशासाठी?” प्रश्न रास्त आहे, पण कौतुक मी केलेलं नाही, आणि हे मला जरा ठामपणे सांगू द्या. तासभर मी पाणी, कापड आणि बहिऱ्या कानाबद्दल बोलतोय. हवालदारांनीही एकदाही किती मेले ते सांगितलं नाही. मी विचारलं, तेव्हा ते उठून गॅलरीत गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. ते यंत्र काय करतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांचं ऐकायचं नाही असं ठरवलं, तर युद्धाबद्दल फक्त ज्यांनी ते पाहिलं नाही तेच बोलत राहतील. हे मला मान्य नाही. (टाळ्या)

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. अजून कल्याण कॅम्प, म्हणजे आजचं उल्हासनगर, राहिला. उल्हासनगरच्या बराकी दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधल्या होत्या. त्यांत पुढे सिंधी कुटुंबं आली आणि ८ ऑगस्ट १९४९ला गावाला आजचं नाव मिळालं. तिथून कोण कोण आघाडीवर गेलं, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, तो सोडतो. आणखी पाच मिनिटं मागितली होती, ती मिळणार नाहीत असं दिसतंय. (हशा)

तर एवढंच करा. तुमच्या सोसायटीत, चाळीत, कॅम्पातल्या गल्लीत कोणी म्हातारा फौजी असेल तर रविवारी त्याच्याकडे जा. मोबाइलवर आवाज टिपून घ्या. किती मारले ते विचारू नका. नंबर कितवा होता ते विचारा, आणि दोन म्हणाला तर उठायची घाई करू नका. टिपलेलं इथल्या ग्रंथालयात आणून द्या, मी स्वतः बसून उतरवून काढीन. पासष्टला गनवर असलेला सगळ्यात तरुण माणूस आज ऐंशीच्या घरात आहे, तेव्हा पुढच्या वर्षावर टाकू नका.