रस्त्याची नाडी कधी पाहावी?

श्रोतेहो, आजारी माणसाला डॉक्टर विचारतात, "कुठं दुखतं?" आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "कधी दुखतं?" रात्री चढणारा ताप सकाळच्या तपासणीत सापडत नाही. थंड प्रदेशातल्या रस्त्यांचंही असंच आहे. मी कविता लिहिणारा बी. ए. माणूस, इंजिनिअर नव्हे. पण जुन्या रस्त्यावर डांबराचा नवा थर चढवण्याआधी त्याची तब्येत कशी पाहतात हे वाचलं, तेव्हा वाटलं, ही गोष्ट कर भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी.

आपल्याकडे पावसात पाणी मुरतं, माती मऊ होते आणि गणपतीच्या सुमारास खड्डे वर येतात. बर्फाच्या मुलखातही शत्रू पाणीच, पण वेश पालटून येणारा. अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य घ्या. हिवाळ्यात तिथली जमीन एक मीटरहून खोल गोठते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. पण रस्ता उचलला जातो तो केवळ त्यामुळे नाही. स्टीफन टेबर या अमेरिकी भूवैज्ञानिकानं १९३० च्या सुमारास पाण्याऐवजी बेन्झिन घालून माती गोठवून पाहिली. बेन्झिन गोठताना आकसतं. तरीही माती फुगलीच! दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं खालचं पाणी बारीक गाळमातीतून गोठणाऱ्या थराकडे चढत राहतं. तिथं बर्फाचे पापुद्रे साचतात आणि ते रस्ता वर ढकलतात.

आता गंमत पाहा. भर हिवाळ्यात हाच रस्ता दगडासारखा टणक असतो. मिनेसोटात त्या दिवसांत ट्रकना १० टक्के जास्त वजन न्यायची मुभा मिळते. मग वसंत येतो. वरचा बर्फ वितळतो, खालचा अजून गोठलेलाच असतो. सुटलेल्या पाण्याला खाली वाट नाही. वरून कोरडा दिसणारा रस्ता आतून चिखलावर उभा असतो. म्हणून त्या काही आठवड्यांत वजनावर बंधनं येतात. काही गावरस्त्यांवर एका ॲक्सलमागे फक्त ५ टन! शेतकऱ्याला धान्याचा ट्रक अर्धाच भरून न्यावा लागतो.

हे बंधन उगाच नाही. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराच्या जवानांनी भरलेले ट्रक फिरवले. ॲक्सलच्या सुमारे ११ लाख फेऱ्या झाल्या. त्यात अनेक डांबरी तुकड्यांनी वसंतातच मान टाकली. याच प्रयोगाच्या निमित्तानं रस्त्यांना ० ते ५ गुण देण्याची पद्धत रुजली. गुण देणाऱ्यांत रस्ते बांधणारे होते, तसेच त्यांवर ट्रक चालवणाऱ्या व्यवसायाचे लोकही होते. रस्ता कसा आहे हे आधी त्यावरून जाणाऱ्याला विचारायचं, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते.

मग तपासायचं कसं? आधी डोळ्यांनी. ठरावीक अंतरावरच्या आडव्या भेगा बहुधा थंडीनं आकसलेल्या डांबराच्या. चाकांच्या वाटेवर मगरीच्या कातडीसारखं जाळं दिसलं, तर आतला आधार खचला आहे असा संशय घ्यायचा. हिवाळ्यात आलेले उंचवटे तेव्हाच खुणा करून ठेवायचे, कारण उन्हाळ्यात ते बसून जातात. बाजूचे नाले तुंबलेत का, हेही पाहायचं.

मग मोजमाप. बेंकेलमन यांनी १९५० च्या दशकात एक साधी दांडी तयार केली. भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांमध्ये तिचं टोक ठेवायचं आणि ट्रक पुढे न्यायचा. वजनाखाली दबलेला रस्ता किती वर आला, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत कळतं. आता रस्त्यावर वजन आदळून हादरा मोजणारं यंत्रही वापरतात. शेवटी जागोजागी भोकं पाडून थरांची जाडी, माती आणि ओल तपासायची.

हे सारं केलं, पण चुकीच्या महिन्यात केलं तर? जानेवारीत गोठलेला रस्ता मोजणारा अगदी प्रामाणिकपणे खोटं उत्तर घेऊन येईल. त्या उत्तरावर पातळ थर चढेल. पुढच्या वसंतात तो फुटेल आणि पैसे पुन्हा तुमच्याआमच्या खिशातून जातील.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९९७ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत दांडीच्या मोजणीसाठी असंच शहाणपण आहे. रस्ता सर्वांत अशक्त असताना मोजा, म्हणजे आपल्याकडे पावसाळा संपताच. उंचावरच्या थंड भागांसाठी मात्र ती हवा २० अंशांच्या वर गेल्यावर मोजायला सांगते, कारण गारठ्यात डांबर ताठरतं. पण लडाखसारख्या ठिकाणी हवा इतकी तापेपर्यंत बर्फ वितळण्याचा ऐन काळ बहुधा उलटून गेलेला असतो. म्हणून अशा जागी एका भेटीत भागू नये. थंडीत उंचवटे पाहावेत, बर्फ वितळताना अशक्तपणा पाहावा, उन्हाळ्यात खणून कारण शोधावं. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं, मातीतला बर्फ ती तारीख पाळत नाही. आणि ज्या खोऱ्यात येण्याजाण्याचा एकच रस्ता आहे, तिथं तो खचला तर औषध, रॉकेल, पीठ सगळंच अडतं.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या गावात काळंभोर नवं डांबर पडताना दिसलं, तर कौतुक जरूर करा. पण सोबत दोन प्रश्न विचारा. याच्याखाली काय आहे ते पाहिलं होतं का? आणि कोणत्या महिन्यात?