इंजिन बसलं तर मागे वळायचं नाही

आजचा भाग जरा घरगुती आहे. माझा मावसभाऊ वैमानिक व्हायला गेलाय. गेवराईत ही बातमी फुटली तेव्हा अर्ध्या गल्लीनं पेढे खाल्ले, उरलेल्यांनी मावशीला विचारलं, जमीन किती विकली? (विकली नाही, बँकेकडे गहाण आहे.) मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. "तू इंजिनिअर हायेस ना, मग खरं सांग. ती बारकी इमानं लई पडत्यात का रे?"

मी सॉफ्टवेअरवाला, मला विमानातलं काय कळतंय? पण मावशीला तसं सांगता येत नाही. मग चार रात्री वाचत बसलो.

तिची भीती उगाच नाही. 25 जुलै 2022 ला बारामतीहून निघालेलं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. आत एकटी विद्यार्थिनी होती, ती वाचली. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली, 19 ला आणि 22 ला. त्यानंतर डीजीसीएनं त्या संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं.

कडबनवाडीचं विमान धावपट्टीपासून बरंच लांब आलेलं होतं. मला जास्त छळलं ते वेगळंच. चाकं जमिनीवरून उचलली, तीनशे फुटांवर गेलो आणि तिथंच इंजिन बसलं, तर?

माणूस काय करतो? मागे वळतो. धावपट्टी तर आत्ताच सोडलीये ना! पण नुसतं मागं तोंड करून भागत नाही. आपण धावपट्टीच्या बाजूला सरकलेलो असतो, म्हणून 180 अंशांपेक्षा जास्त वळावं लागतं. मी कागदावर हिशोब मांडला: काय झालं हे कळायला तीन-चार सेकंद, वळायला वीसेक सेकंद, आणि तेवढ्यात तीनशे फूट संपले. मग घाईत विमान जास्त कलतं करायचं. 45 अंश कललं की ज्या वेगाला पंख हवा सोडतात तो वेग जवळपास पाचव्या हिश्शानं वाढतो. याला स्टॉल म्हणतात. एवढ्या खाली स्टॉल झाला की सावरायला उंचीच नसते. आमच्या कामात रिलीज फसला तर रोलबॅक मारतो, इथं तो नाही.

त्यात आपला उन्हाळा. दोन हजार फुटांवरची धावपट्टी धरा, तापमान 40 अंश. हवा इतकी विरळ होते, की विमानाला वाटतं आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. चढतानाच ते दमतं.

आणि शिकवणीच्या विमानात हात चार असतात. पोरगं घाबरून दांडा मागं ओढतं, तोवर शिक्षक विचार करतोय, याला करू द्यावं की आपण घ्यावं? त्यात दोन सेकंद गेले तर पावशेर उंची गेली समजा.

भावाला फोन लावला. म्हणाला, "दादा, हे आम्हाला निघायच्या आधी रोज मोठ्यानं म्हणावं लागतं. धावपट्टीवर असताना गडबड झाली तर थ्रॉटल बंद, ब्रेक. वर गेल्यावर कमी उंचीत इंजिन गेलं तर आधी नाक खाली, समोर थोडं डावी-उजवीकडं मोकळी जागा, तिथंच उतरायचं. मागं वळायचं नाही. आणि विमान कुणाच्या हातात, तेही आधीच ठरतं."

"आणि समोर काय असतं?"

"रान असतं की. विजेच्या तारा बघायच्या, विहीर बघायची, तासाच्या दिशेनं उतरायचं."

मुंबईच्या पोराला हे शिकवावं लागत असेल. याला ते बापाच्या मागं नांगरावर फिरूनच कळलेलं.

मावशीला सगळं जमेल तसं सांगितलं. स्टॉल वगैरे तिनं सोडून दिलं. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "त्याला म्हणावं, उसात नको उतरू. पऱ्हाटी उपटलेलं रान बघ."