गोखरूचा काढा घेण्यापूर्वी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



बाजरीच्या रानात खुरपताना ज्याच्या पायात सराटा मोडला नाही, असा माणूस या मंडपात नसेल. तणनियंत्रण शिकवताना आम्ही तो उपटायला सांगतो. आयुर्वेदाने मात्र त्याला गोक्षुर म्हणून दशमुळांत स्थान दिले आहे. लघवी साफ व्हावी, जळजळ थांबावी म्हणून त्याची फळे पूर्वापार वापरली जातात.

घोटाळा होतो तो नावाचा. गोखरू म्हणून आपल्याकडे तीन झाडे ओळखली जातात. सराटा म्हणजे लहान गोखरू. तो जमिनीलगत पसरतो, पाने हरभऱ्यासारखी, फूल पिवळे. वाळलेल्या फळाच्या पाच फाका होतात व प्रत्येक फाकेला दोन लांब, दोन आखूड काटे असतात. मोठे गोखरू निराळे. त्याचे फळ चौकोनी असते आणि पाला पाण्यात ढवळला की पाणी बुळबुळीत होते. तेही लघवीच्या तक्रारींवर वापरतात.

तिसरे मात्र काढ्यासाठी मुळीच घेऊ नका. पडीक रानात, ओढ्याकाठी ते कमरेएवढे सरळ वाढते, पाने रुंद व खरखरीत. बोंडावरचे आकडीसारखे काटे धोतराला आणि मेंढीच्या लोकरीला चिकटतात. यालाच लांडगा किंवा शंकेश्वर म्हणतात. त्याच्या बियांत व कोवळ्या रोपांत यकृताला घातक विष असते. 2007 मध्ये बांगलादेशातील सिल्हेट भागात अन्नटंचाईत लोकांनी ही रोपे खाल्ली. 76 जण आजारी पडले, त्यांतील 19 दगावले.

सराट्याच्या फळाच्या चूर्णाची आयुर्वेदातील रोजची मात्रा 3 ते 6 ग्रॅम आहे. वैद्याला विचारूनच ती घ्यावी. ‘झाडपाला आहे, जास्त घेतला तर काय बिघडते?’ असे पुष्कळजण म्हणतात. इराणमध्ये मूतखडा होऊ नये म्हणून एका तरुणाने दोन दिवस याचे पाणी प्याले. त्याला झटके आले, यकृत व मूत्रपिंड दोन्ही बिघडले. गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. थंडीताप, लघवीतून रक्त किंवा लघवी तुंबणे, यांपैकी काही असेल तर काढा उकळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फळे गोळा करायची तर तणनाशक मारलेल्या बांधावरची किंवा सांडपाण्याच्या कडेची नकोत. आणि मेंढपाळ बंधूंनो, नुसत्या सराट्यावर कळप चारू नका. त्याने मेंढ्यांचे यकृत बिघडते, उन्हात तोंड व कान सुजतात. अशी मेंढी दिसली तर तिला आधी सावलीत बांधा आणि पशुवैद्यकाला बोलवा.