ग्रुपवरची नोटीस सगळ्यांना पोचते का?

आजचा भाग ऐकता ऐकता एक काम करा. तुमच्या गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा आणि शेवटच्या दहा सूचना बघा. पाणी कधी सुटणार, रेशन आलं का, ग्रामसभा कधी. त्यातल्या किती टाइप केलेल्या आहेत आणि किती कागदाचे फोटो आहेत? आमच्या ग्रुपवर जवळपास सगळे फोटोच. सही-शिक्क्यासकट, जरा तिरके, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा.

आमच्या आळीतल्या एका काकांना अजिबात दिसत नाही. तेही याच ग्रुपवर आहेत. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, फुकट. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत सापडेल. स्क्रीनवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो. दोनदा टॅप केलं की ते उघडतं. मराठीही वाचतो. पण नोटीस आली की काकांना ऐकू येतं, ‘फोटो’. बस्स. पाणी सुटतं, जातं, काकांना पत्ता नाही.

यावर उपाय फार मोठा नाही. खाली चार ओळी टाइप करायच्या. कंटाळा असेल तर गूगल लेन्सने छापील मराठी मजकूर उचला, एकदा वाचून दुरुस्त करा आणि चिकटवा. पंचायतीत कुणी ओळखीचं असेल तर एवढंच सांगा की मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये वरून मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात भलतीच अक्षरं असतात. मग टॉकबॅक असं काही बरळतो की विचारू नका.

तुम्ही म्हणाल, घरात कुणीतरी वाचून दाखवेलच की. दाखवतात ना! पण काकांचे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे बँकेत येतात. तो मेसेज दुसऱ्याने वाचायचा म्हणजे खात्यात किती आहे ते त्याला कळणार. ओटीपीही त्यालाच कळणार. आता काका इअरफोन लावून मेसेज स्वतः ऐकतात. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीत हीच मोठी.

आणि हे एकट्या काकांचं नाही. 2011च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातल्या 69 टक्के खेड्यांत राहणाऱ्या.

काही गोष्टी मात्र आपल्या हातात नाहीत. ऑनलाइन केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात, माहितीये ना? ज्याला दिसत नाही त्याने चेहरा चौकटीत कसा आणायचा? ॲसिड हल्ल्यात पापण्याच गेल्या असतील तर मिचकवायचं काय? अशा पीडित व्यक्ती आणि एक अंध वकील सुप्रीम कोर्टात गेले. 30 एप्रिल 2025 ला कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीला डोळे मिचकावण्याशिवाय दुसरे मार्ग ठेवा. त्यामुळे बँकेत कुणी ‘सिस्टिम घेत नाही’ म्हणालं, तर हा निकाल सांगा.

शिकवणाऱ्यांसाठी थोडं. फोन त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. ‘द्या इकडे, मी करतो’ म्हटलं की शिकवणी संपली. पहिल्या दिवशी फक्त फोन उचलणं आणि ठेवणं. लिस्ट सरकवायला दोन बोटं लागतात, यात सगळेच अडखळतात, आठवडा जातो. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून टॉकबॅक चालू-बंद होईल असा शॉर्टकट लावून ठेवा. आणि घरच्यांनाही दाखवा. काकांच्या सुनेला वाटलं फोन बिघडला, तिने तो थेट मोबाइलवाल्याकडे नेला, आणि त्याने सगळं बंद करून परत दिला!

पुढच्या भागात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी फोनमध्ये काय काय आहे ते बघू. तोवर ग्रुपवरची एक तरी नोटीस टाइप करून टाका.