रेकॉर्ड बंगळुरूला, हप्ता सेलूत

आज आमच्याच गटातली गोष्ट सांगतो. सेलू तालुक्यातल्या आमच्या एका मावशीनं कर्जाचे हप्ते मोबाइलवरून भरले. कंपनीचा माणूस म्हणाला, दोन हप्ते आलेच नाहीत. हिशेब मागितला तर म्हणे, "रेकॉर्ड बंगळुरूच्या कॉम्प्युटरात आहे, इथून निघत नाही." मावशी गप्प बसली. खरं सांगायचं तर आम्हीही बसलो. दुसऱ्या राज्यात कोण जाणार?

जायची गरजच नव्हती. फसवणुकीची फिर्याद झाली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 प्रमाणे कोर्ट किंवा पोलीस ठाण्याचे प्रमुख लेखी हुकूम काढून कॉम्प्युटरातली नोंद मागवू शकतात. नोंद ज्याच्या ताब्यात किंवा अधिकारात, त्यानं ती द्यायची. मशीन कुठल्या राज्यात ठेवलंय, यावर काही अडत नाही.

मात्र नुसती प्रिंट आणून भागत नाही. ती त्याच मशीनमधून निघाली, असा दाखला लागतो. आणि मशीनवालाच दाखला देईना, तर?

हाच प्रश्न शेजारच्या जालन्यात आला होता. 2014 च्या विधानसभेला अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. खोतकरांचे अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर घेतले, असं त्यांचं म्हणणं. पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण. त्याचा दाखला मागूनही अधिकाऱ्यांनी दिला नाही. 14 जुलै 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, दाखला लागतोच. पण मागूनही मिळत नसेल तर कोर्टात अर्ज करा, कोर्ट समोरच्याला तो द्यायला लावील. खोतकरांची निवड रद्दच राहिली. तोवर आमदारकीची मुदत संपून गेली होती, ते वेगळं!

1 जुलै 2024 पासून हा दाखला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. त्याचे आता दोन भाग आहेत, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते.

म्हणून आम्ही आधी मावशीचा जुना मोबाइल नातवाच्या हातून काढून घेतला. हप्त्यांचे मेसेज त्यात आहेत. तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक लिहून कंपनीला अर्ज दिला आणि पोच घेतली. मागितलं होतं, हे उद्या दाखवावं लागेल ना! अजून उत्तर नाही. पुढच्या सोमवारी परभणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाणार आहोत. तिथं बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मावशी म्हणते, डबा मी आणते.